सोसायटी ग्रुप: हॉलमधल्या शिबिरातले डबे

मीनल (ए-204): नमस्कार. दिवाळीनंतर हॉलमध्ये सुनीताताईंचं जे आरोग्य शिबिर झालं त्याबद्दल बोलायचंय. आमच्या सासूबाई तिथून पूरक गोळ्यांचे तीन डबे घेऊन आल्या. थायरॉइडची गोळी आणि डब्यातली कॅल्शियम-लोहाची गोळी सकाळी एकदमच घ्यायच्या. आज थायरॉइडच्या रक्त तपासणीत टीएसएच वाढून आला. डॉक्टर म्हणाले, दोन्हींत चार तासांचं अंतर पाहिजे, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगाला लागत नाही. डबे देताना आधीची औषधं विचारली होती का कुणी?

सुनीताताई (सी-101): मीनल, फोन करायचा होतास. ग्रुपवर कशाला?

मीनल: ताई, दोनदा केला. अन् डबे बऱ्याच घरांत गेलेत, म्हणून इथंच विचारायले.

सुनीताताई: सगळं नैसर्गिक आहे. साइड इफेक्ट शून्य. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नंबर आहे.

पवार (मेडिकलवाले): ताई, तो नंबर बिस्किटाच्या पुड्यावरही असतो. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, गुण येण्याची हमी नाही. 2016 च्या नियमाप्रमाणे अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. बारीक अक्षरात असतंय, पण बघा.

नागनाथ काका (बी-302): आमची आजी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी अन् जवसाची चटणी खाऊन शेवटपर्यंत शेतात जायची. कसली गोळी अन् कसलं काय!

सचिव: टँकरची वर्गणी उद्यापर्यंत जमा करावी. बी विंगची निम्मी बाकी आहे.

विद्या (ए-403): काका, आजीचं रक्त कुणी तपासलंच कुठं होतं?

नागनाथ काका: भाकर, अंबाडी, जवस. बास.

देशमुख सर (बी-104): काकांचं भाकरीचं बरोबर आहे. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ ज्वारी दिली, तिच्यात लोह अन् जस्त मुद्दाम वाढवलंय. पण बी-12 जीवनसत्त्व कुठल्याच ज्वारीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मटणात. मी शाकाहारी, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू. या गोळीनं बी-12 कमी होऊ शकतं. माझे तळपाय बधिर व्हायले होते. रक्त तपासलं, इंजेक्शनं घेतली, फरक पडला. तेव्हा गोळ्यांना सरसकट नावं ठेवू नका. गरोदर बाईला फोलिक अॅसिड लागतंच की.

सुनीताताई: बघा, सरही तेच म्हणायलेत!

देशमुख सर: मी रक्त तपासलं म्हणालो, ताई. शिबिरात तपासणी म्हणून हातात यंत्राची कांडी धरायला दिली होती. त्यानं बी-12 कळत नाही.

सुनीताताई: मी कुणाच्या गळी उतरवलं नाही. कमावते म्हणून डोळ्यांत खुपतंय काय?

मीनल: ताई, तुमच्या कमाईबद्दल एक शब्द बोलले नाही. सासूबाईंचं वय 71 आहे. एवढंच विचारायले.

बाळू (सी-303): परभणीच्या उन्हात राहून डी-जीवनसत्त्व कमी कसं काय पडायलंय राव? 😄

विद्या: भर उन्हात बाहेर असतंय कोण? एसीतून गाडीत, गाडीतून एसीत.

बाळू: गाडीवरून आठवलं, माझ्या जागेत काळी गाडी कुणाची?

पवार: बाळू, थांब जरा. डीचं महत्त्वाचं आहे. 60,000 युनिटची पुडी साधारण आठवड्याला एक असते, तीही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. आमच्याकडे एक गिऱ्हाईक रोज घ्यायचं. डी चरबीत साठतंय, बाहेर पडत नाही लवकर. मग रक्तात कॅल्शियम वाढतंय, उलट्या, बद्धकोष्ठ, किडनीला त्रास. पुडी आणि डबा दोन्ही चालू असेल तर दोन्हींतलं डी मोजा.

नागनाथ काका: भाकर, अंबाडी, जवस.

विद्या: काका 🙏

देशमुख सर: रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्यांनीही डॉक्टरांना डब्यावरचं लेबल दाखवा. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. लिंबूपाणी चालेल.

सुनीताताई: मीनल, न फोडलेले डबे परत घेते. फोडलेल्याचे पैसे मला कंपनी देत नाही.

मीनल: पैशाचं राहू द्या ताई. बाकी कुणाकुणाला दिलेत त्या घरांना फोन करून औषधं विचारा. हवं तर मी बसते सोबत.

सुनीताताई: उद्या दुपारी ये.

सचिव: यापुढं हॉलमध्ये आरोग्याचं कुठलंही शिबिर कमिटीला विचारल्याशिवाय होणार नाही. टँकरची वर्गणी उद्यापर्यंत.

बाळू: अन् काळी गाडी?