मदत हवी आहे: गोवर-रुबेलाच्या लशीला 'नको' म्हणणाऱ्या आजीशी कसं बोलू?

मी आशा सेविका आहे. बाळ 10 महिन्यांचं. पेंटाचे (पाच आजारांवरच्या एकत्रित लशीचे) तिन्ही डोस वेळेवर झाले, पण तिसऱ्यानंतर दोन रात्री ताप आला, मांडी सुजली. तेव्हापासून आजींचा गोवर-रुबेलाला ठाम नकार. आई तयार आहे, पण घरात शब्द आजींचा. ताप का येतो ते समजावलं, डॉक्टरांना घरी नेलं, 2022 मधली मुंबईतल्या गोवंडीची गोवराची साथही सांगितली. त्यावर त्या आणखीच गप्प झाल्या. अफवांवर त्यांचा विश्वास नाही. "गोवर आला तर देवाची मर्जी, सुई देऊन काही झालं तर माझ्या हातून झालं," एवढंच म्हणतात. ही भीती खरी आहे, त्यामुळे मला दटावायचं नाही. लसीकरणाचं सत्र बुधवारी आहे. ही 'माझ्या हातून'ची भीती कोणी दूर केली आहे का? बोलायला सुरुवात कुठून केलीत?