मदत हवी आहे: सह्यांचे फॉर्म घरात पडून आहेत

मीरा_के: इथे अमेरिकेत मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) वाढवण्यासाठी राज्याच्या घटनेत दुरुस्ती हवी, म्हणून शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्यात. काल एक ओळखीचे म्हणाले, नियम बदललेत, तुला हे चालत नाही. खरं आहे का? मुदत संपत आलीये, लवकर सांगा.

कोलंबसकर: घाबरू नका. सह्या कमी पडल्या तर 10 दिवस जादा मिळतात. आमच्याकडे ओहायोत तेच काढून घ्यायला निघाले होते, शिवाय दुरुस्ती मंजूर व्हायला साध्या बहुमताऐवजी 60 टक्के मतं आणि 44 ऐवजी सगळ्या 88 काउंट्यांतून (जिल्ह्यांतून) सह्या. ऑगस्ट 2023 मध्ये लोकांनी 57 टक्के मतांनी पाडलं.

पराग७: अहो, त्या ओहायोत आहेत कशावरून? मीराताई, राज्य कोणतं?

मीरा_के: फ्लोरिडा. मेडिकेड म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

पराग७: मेडिकेड न वाढवलेली 10 राज्यं आहेत. सिटिझन आहात का?

मीरा_के: ग्रीन कार्ड. त्याचा काय संबंध? मी सही केलेली नाही, फक्त गोळा केल्यात.

पराग७: तिथेच अडतं. मे 2025 च्या कायद्यानुसार सह्या गोळा करणारा अमेरिकन नागरिक आणि फ्लोरिडाचा रहिवासी हवा. जुलैत फेडरल न्यायाधीशांनी ती अट रोखली, सप्टेंबरमध्ये वरच्या कोर्टाने पुन्हा लागू होऊ दिली. आणखी एकही सही घेऊ नका. फॉर्म किती? घरचे सोडून 25 च्या वर असतील तर नोंदणी लागते, नाहीतर गुन्हा.

सदाशिव_नाना: भारतात असलं काही नाही तेच बरं. घटनेचं कलम 368, दुरुस्ती संसद ठरवते.

कोलंबसकर: नाना, फ्लोरिडात लोकांनी आणलेली दुरुस्ती हाच एक मार्ग उरतो. विधिमंडळ ऐकत नाही म्हणून तर माणसं दारोदार फिरतात.

अनघा_ऑर्लँडो: पण घटना दर निवडणुकीला बदलावी का? दुरुस्तीला 60 टक्के मतं हवीत ही फ्लोरिडाची अट मला योग्य वाटते.

कोलंबसकर: तुमच्याकडे ती अट 2006 मध्ये आली तेव्हा तिलाच 58 टक्क्यांच्या आसपास मतं होती! आणि 2024 मध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती 57 टक्के मिळूनही पडली. बहुमताचं काय?

पराग७: वाद नंतर घाला. ताई, सही झाल्यापासून 10 दिवसांत फॉर्म निवडणूक कार्यालयात जावे लागतात, पूर्वी 30 होते. उशिराचा दंड मोहिमेवर बसतो. फेकू नका, स्वतः नेऊनही देऊ नका. आजच मोहिमेच्या ऑफिसला फोन करून ग्रीन कार्डचं स्पष्ट सांगा, आणि इमिग्रेशन वकिलाला विचारा.

मीरा_के: 25 च्या आत आहेत. फोन केला, त्यांचे वकील संध्याकाळी बोलणार आहेत. माझ्या शेजारणीला दोन नोकऱ्या करूनही विमा नाही, म्हणून हे हातात घेतलं. तिची सही त्यातच आहे. माझ्यामुळे ती बाद होईल का?

अनघा_ऑर्लँडो: मी सिटिझन आहे. 60 टक्क्यांवर माझं मत बदललेलं नाही, पण वकील म्हणाले तर तिच्याकडून नवा फॉर्म मी घेईन. खासगी निरोप पाठवा.