मदत हवी आहे: गावात काविळीची साथ आलीय, ती कुठून आली हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. मी पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात राहते. घरी शिलाई मशीन आहे, त्यामुळं गावातल्या निम्म्या बायका आठवड्यातून एकदा तरी आमच्या ओट्यावर बसून जातात. कुणाच्या घरात काय चाललंय ते आपोआप कळतं. गणपती विसर्जनानंतर पाचव्या दिवशी आमच्या आळीतला पहिला मुलगा पिवळा पडला. आज तीन आठवडे झाले आणि आकडा 23 वर गेलाय. मिरजेला दोघांचं रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस ई निघालं. माझ्या धाकट्या जावेला आठवा लागलाय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

गावानं कारण ठरवून टाकलंय: पाणीपुरी. गणपतीच्या शेवटच्या चार दिवसांत शेजारच्या गावचा एक पोरगा देवळापुढं गाडा लावत होता. परवा बाजारादिवशी तो परत आला, तर आमच्याच पोरांनी त्याचा गाडा कलंडवला. चिंचेचं पाणी रस्त्यावर वाहत गेलं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, एक शब्द न बोलता मातीतल्या पुऱ्या गोळा करत होता. त्याची चूक असेल तर त्याला सांगावं. पण नसेल, तर खरं कारण अजून गावातच आहे, आणि आम्ही सगळे निवांत झालोय.

मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी यादी केलीय. नाव, वय, कधी आजारी पडला, घर कुठं, पाणी कुठलं, गाड्यावर खाल्लं का. 23 पैकी 14 जणांनी पाणीपुरी खाल्ली होती. हे ऐकून सगळे म्हणतात, बघ, झालं की सिद्ध. पण 19 जण आमच्या खालच्या आळीतले आहेत, तेही मला विसरता येत नाही. खालच्या आळीला जुन्या टाकीचं पाणी येतं, वरच्या आळीला नव्या टाकीचं. नागपंचमीच्या आठवड्यात जेसीबीनं आमच्याकडं गटार खोदलं, तेव्हा पाण्याचा पाइप फुटला होता. तो जोड रबरी ट्यूब गुंडाळून बांधला आणि वरून गटार वाहतं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून सकाळी पहिल्या दोन हंड्यांच्या पाण्याला वास येतो. ते ओतून देऊन आम्ही तिसरा भरतो. पंचायतीत विचारलं, तर म्हणतात टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतोय, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) पिवळी येतेय, पाणी चांगलं आहे.

माझा संशय पाइपवर आहे, पण संशय घेऊन भांडायला जाता येत नाही. नेमकं काय मोजू? आणि जावेसाठी काय करू?

प्रतिसाद: निशिगंध

ताई, आधी जावेचं. घरातलं पिण्याचं सगळं पाणी खळखळून उकळा. चूळ भरायला, भाजी-फळं धुवायलाही तेच वापरा. हिपॅटायटिस ई बहुतेकांचा आपोआप बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. उलट्या, लघवी गडद होणं, डोळे पिवळे, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या. काढा, नाकात घालायचं औषध, काविळीची माळ, यात एक दिवसही घालवू नका. आशाताईंना सांगून गावातल्या सगळ्या गरोदर बायकांची यादी करून घ्या. तुमच्या जावेसारख्या आणखी असतील.

प्रतिसाद: जुना आरोग्यसेवक

ताई, वही फार चांगली केलीत. आमच्या नोकरीच्या काळात अशी वही क्वचित बघायला मिळायची. पण त्यात फक्त आजारी माणसं आहेत. 23 पैकी 14 जणांनी पाणीपुरी खाल्ली, हे खरं. पण गणपतीत अख्खं गाव देवळापुढं असतं. जे आजारी पडले नाहीत, त्यांच्यातल्या किती जणांनी खाल्ली? ते कळल्याशिवाय 14 या आकड्याला काहीच अर्थ नाही. गावातलं प्रत्येक पाचवं घर धरा आणि साधारण त्याच वयाच्या धडधाकट माणसांना तेच दोन प्रश्न विचारा: गाड्यावर खाल्लं का, आणि पाणी कुठलं पिता. ओळखीची घरं निवडू नका.

दुसरं, दिवस मोजा. हा आजार शरीरात गेल्यापासून दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे लागतात, बहुतेकांना पाच-सहा. गाडा आला शेवटच्या चार दिवसांत, पहिला मुलगा आजारी पडला विसर्जनानंतर पाचव्या दिवशी. म्हणजे फार तर आठ-नऊ दिवस. एवढ्यात हिपॅटायटिस ई होत नाही. आणि नागपंचमीपासून विसर्जनापर्यंतच किती दिवस होतात ते कॅलेंडरवर बघा.

दिल्लीत 1955-56 ला हेच झालं. यमुनेचा प्रवाह वळला, नाल्याचं पाणी वझिराबादच्या पाणीउपशापर्यंत पोचलं, आणि महिना-सव्वा महिन्यानं काविळीचे 29 हजारांवर रुग्ण झाले. लोक आजारी पडले, तोवर घाण येऊन गेली होती. इचलकरंजीची 2012 ची साथ तर तुमच्या भागातल्या माणसांना आठवत असेलच.

प्रतिसाद: सह्यकडा

तुमच्याकडं नळाला थेट मोटर लावतात का?

प्रतिसाद: धागाकर्ती

हो, निम्म्या घरांत.

प्रतिसाद: सह्यकडा

मग समजून घ्या. पाणी दिवसातून तासभर येतं, बाकी वेळ पाइप रिकामा. जोड सैल असेल तर गटाराचं पाणी आत झिरपून बसतं. वर सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की पाइप आजूबाजूचं ओढूनच घेतो. तुमचे वासाचे दोन हंडे तेच आहेत. तिसऱ्या हंड्याला वास नाही म्हणजे तो शुद्ध, असं नाही. पंचायतीची ओटी टेस्ट टाकीवर होते, आणि घाण शिरतेय टाकीच्या पुढं. टेस्ट शेवटच्या नळावर घ्यायला लावा. तिथं लिटरमागं किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. बाटलीत पिवळं झालं नाही, तर टाकीत कितीही टीसीएल ओतली तरी तुमच्या घरापर्यंत पोचत नाही.

प्रतिसाद: निशिगंध

रुग्णांची वयंही सांगा. लहान मुलांमध्ये जास्त असेल तर हिपॅटायटिस ए चाही विचार करायला हवा.

प्रतिसाद: धागाकर्ती

23 पैकी 20 जण पंधरा ते चाळीस वयाचे आहेत.

चार दिवस फिरले. सासूबाई बरोबर होत्या, म्हणून कुणी दार लावलं नाही. 40 धडधाकट माणसांना विचारलं. त्यातल्या 25 जणांनी पाणीपुरी खाल्ली होती. म्हणजे आजाऱ्यांइतक्याच निरोग्यांनीही खाल्ली. खालच्या लाइनचं पाणी पिणारे 40 मध्ये 13, आणि आजाऱ्यांमध्ये 22. वरच्या आळीतले जे चार मला कोड्यात टाकत होते, त्यातली दोन मुलं आमच्याकडच्या हायस्कूलचं पाणी पितात, आणि एकजण खालच्या गिरणीत कामाला आहे. चौथ्याचा मेळ अजून लागत नाही, पण तेही वहीत तसंच लिहून ठेवलंय. नागपंचमी ते विसर्जन मोजलं, 39 दिवस.

हा कागद घेऊन पंचायतीतल्या भाऊसाहेबांकडं गेले. सासूबाईंनी तिथंच बाटलीत पहिल्या हंड्याचं पाणी दिलं आणि म्हणाल्या, आधी तुम्ही प्या. ते काही बोलले नाहीत, पण दुपारी आरोग्यसेविका आल्या आणि शेवटच्या तीन नळांवर टेस्ट घेतली. तिन्ही बाटल्या कोऱ्या. पाइपचा जोड नीट होईपर्यंत टँकरनं पाणी देणार आहेत, आणि दवंडी देऊन उकळून प्यायला सांगितलंय. गावात चार गरोदर बायका निघाल्या, सगळ्यांची तपासणी झाली. जाऊ ठीक आहे.

ज्या पोरांनी गाडा कलंडवला, त्यातल्या दोघांच्या घरी कागद दाखवला. एकजण काल त्या मुलाकडं जाऊन आला. दुसरा अजून ऐकत नाही.

उद्या सकाळी सातला जोड उघडणार आहेत. नंतर शेवटच्या नळाला बाटली धरून मी थांबणार आहे. काय रंग येतो ते इथं लिहीन.