'रिव्हॉल्व्हर'चा २०२२चा सुपर डिलक्स संच : कोणता घ्यावा, की घेऊच नये?

खरखर
बीटल्सचा १९६६चा अल्बम 'रिव्हॉल्व्हर' २८ ऑक्टोबर २०२२ला नव्या मिक्ससह (मूळ टेपवरच्या आवाजांची नवी जुळणी) पुन्हा आला. पाच सीडींचा संच, चार एलपी (मोठ्या तबकड्या) आणि एक ईपी (छोटी तबकडी) असलेला संच, दोन सीडींचा डिलक्स, एकेरी सीडी, एकेरी एलपी, पिक्चर डिस्क, एवढे प्रकार दिसतात. माझ्याकडे २००९ची स्टिरिओ रीमास्टर सीडी आणि 'अँथॉलॉजी २' (बीटल्सच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा संच) आहे. ऐकायला सीडी प्लेअर, दोन बुकशेल्फ स्पीकर आणि वायरचे हेडफोन. टर्नटेबल आहे, पण साधंच. प्रश्न असे :
१. अप्रकाशित टेकसाठी (टेक म्हणजे गाणं ध्वनिमुद्रित करण्याचा एकेक प्रयत्न) मोठा संच घ्यावा का, की दोन सीडींवर भागेल?
२. एलपी संचात सीडीपेक्षा जास्त काही आहे का?
३. स्ट्रीमिंगवर सगळं असताना डबा कशाला?

फोरट्रॅक
आधी पाच सीडींत काय आहे ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

पहिली सीडी : निर्माते जाइल्स मार्टिन आणि ध्वनिअभियंता सॅम ओकेल यांचा नवा स्टिरिओ मिक्स, १४ गाणी. दुसरी आणि तिसरी : सेशन्स, म्हणजे गाणी घडत असतानाच्या टेप, १४ आणि १७ मिळून ३१ ट्रॅक. त्यात २८ स्टुडिओतले आणि ३ घरी केलेल्या टेपचे. चौथी : १९६६चा मूळ मोनो मिक्स (डावं-उजवं नाही, सगळा आवाज एकत्र). पाचवीवर फक्त 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन', नव्या स्टिरिओत आणि जुन्या मोनोत. एकूण ६३. मूळ अल्बम जेमतेम ३५ मिनिटांचा, म्हणजे नवा स्टिरिओ आणि मोनो एकाच सीडीवर आरामात मावले असते. पाच तबकड्या हा मांडणीचा थाट आहे, गरज नाही.

आता काय नाही ते. १९६६चा मूळ स्टिरिओ मिक्स या डब्यात नाही. त्यामुळे तुमची २००९ची सीडी विकू नका. ब्लू-रे पण नाही. 'व्हाइट अल्बम', 'ॲबी रोड' आणि 'लेट इट बी'च्या मोठ्या संचांत ती होती, इथे नाही. अ‍ॅटमॉस मिक्स (चहूबाजूंनी आवाज देणारा) केलेला आहे, पण तो फक्त स्ट्रीमिंगवर.

दोन सीडींच्या डिलक्समध्ये नवा मिक्स, निवडक सेशन्स आणि 'पेपरबॅक रायटर', 'रेन' ही सिंगलची दोन गाणी मिळतात. मोनो मिळत नाही. माझ्या मते तो प्रकार कोणाच्याच कामाचा नाही. अप्रकाशित टेकची गोडी असेल त्याला अर्धेच टेक मिळतात, आणि नसेल त्याला एकेरी सीडी पुरते.

कॅसेट_किडा
'अँथॉलॉजी २' आहे म्हणालात म्हणून सांगतो, काही गोष्टी तुमच्याकडे आधीच आहेत. 'टुमॉरो नेव्हर नोज'चा टेक १, 'गॉट टु गेट यू इनटू माय लाइफ'चं पहिलं रूप, 'टॅक्समन'चा टेक ११, हसण्याच्या उबळीवाला 'अँड युअर बर्ड कॅन सिंग'. इथे त्यांचे मिक्स वेगळे आहेत, पण गाणं नवीन नाही.

खरंच नवं काय? माझ्या हिशोबाने पाच गोष्टी.

'यलो सबमरिन'ची रचना चालू असतानाची टेप. पहिल्या भागात जॉन लेनन अकूस्टिक गिटारवर एक उदास तुकडा गातो. बालगीत म्हणून ओळखलं जाणारं गाणं असं सुरू झालं असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं. दुसऱ्या भागात ते ओळखीच्या रूपाकडे वळतं. दोन्ही लागोपाठच ऐका.

'रेन'चा टेक ५, ज्या वेगाने वाजवला त्या वेगात. बँडने तो जलद वाजवला आणि मास्टरसाठी टेप सावकाश चालवली, म्हणून ड्रम इतके जड आणि गिटार इतक्या ओढलेल्या लागतात. पुढचाच ट्रॅक तोच टेक मंदावलेला. परिणाम कुठून आला ते दोन ट्रॅकमध्ये कळतं, समजावून सांगायची गरज उरत नाही.

'गॉट टु गेट यू'चं दुसरं रूप, ब्रास भरण्याआधीचं. पितळी वाद्यांची जागा तिथे गिटार सांभाळतात.

'एलिनॉर रिग्बी'च्या टेक २ आधीचं बोलणं. चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो असा ताफा, आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन वादकांना सूर कंपवून आणि न कंपवता असं दोन्ही वाजवायला लावतात. त्या गाण्यातला कोरडेपणा कसा ठरला ते कानांनी ऐकता येतं.

पाचवी गोष्ट 'लव्ह यू टू'. त्यावर तबलजींनी लिहावं.

तबलजी_ठाणे
लिहितो. तबला अनिल भागवतांचा. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या भारतीय संगीताच्या संस्थेमार्फत ते आले, आणि १९६६च्या मूळ वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. बाहेरच्या वादकाचं नाव वेष्टनावर येणं त्या काळात सर्रास नव्हतं. त्याच टेपवर सतार वाजवणाऱ्या किती हातांची नावं कुठेच नाहीत, हा वाद निराळा.

संचात या गाण्याचे तीन ट्रॅक. टेक १ म्हणजे गिटार आणि गळा, तबल्याचा पत्ता नाही. मग एक तालीम. मग टेक ७. या क्रमानेच ऐका. पाश्चात्त्य गाण्याच्या सांगाड्यावर आपली वाद्यं नंतर चढवलेली नाहीत, गाणंच त्यांच्याभोवती पुन्हा बांधलंय, हे टेक १ ऐकल्याशिवाय पटत नाही. सोळा मात्रांचा हिशोब मनात धरून ऐकलंत तर तबला ठेका धरून बसत नाही, गाण्याच्या ओळींमध्ये भरतो, हे लक्षात येईल.

एक बारकावा : शेवटचा द्रुत भाग मोनोमध्ये स्टिरिओपेक्षा काही सेकंद जास्त चालतो. फेड (शेवटी आवाज हळूहळू विझणं) उशिरा होतो. तबल्यासाठी ऐकणाऱ्याने चौथी सीडी आधी लावावी.

मोनोवादी
तबलजींनी माझंच काम केलं. मोनो म्हणजे स्टिरिओ एकत्र ओतून केलेला मिक्स नव्हे. १९६६मध्ये आधी आणि मन लावून मोनो व्हायचा, स्टिरिओ नंतर उरकला जायचा. प्रत्येक मिक्स हाताने, त्या क्षणी. 'टुमॉरो नेव्हर नोज'चे टेप लूप (गोल जोडलेले, पुन्हापुन्हा वाजणारे टेपचे तुकडे) मिक्सच्या वेळी फेडर (आवाजाच्या सरकत्या कळा) वरखाली करून आत-बाहेर आणलेत, म्हणून दोन मिक्स तंतोतंत जुळूच शकत नाहीत. 'टॅक्समन'मध्ये काउबेल वेगळ्या जागी येते, 'आय'म ओन्ली स्लीपिंग'मध्ये उलट्या गिटारीचे तुकडे वेगळ्या जागी पडतात, 'गॉट टु गेट यू'चा शेवट मोनोत लांबतो.

दुसरं, जुन्या बाजारात हात घालणाऱ्यांसाठी. पहिल्या ब्रिटिश मोनो छपाईतल्या काही प्रतींवर 'टुमॉरो नेव्हर नोज'चा चुकीचा मिक्स, आरएम ११ (अकराव्या क्रमांकाचा मोनो मिक्स), गेला होता. दुसऱ्या बाजूच्या मॅट्रिक्समध्ये (लेबलभोवती कोरलेला क्रमांक) एक्सईएक्स ६०६ पुढे १ असेल तर ती प्रत. तिची किंमत डोळे पांढरे करणारी असते. तो मिक्स आता दुसऱ्या सीडीवर दुसरा ट्रॅक म्हणून आहे. संग्रहासाठी हवी असेल तर जुनी प्रत घ्या, ऐकण्यासाठी नको.

मोनो ऐकायला हेडफोनपेक्षा स्पीकर बरे. हेडफोनवर सगळं डोक्याच्या मधोमध अडकतं.

खरखर
हे छान. पण नव्या मिक्सबद्दल कोणीच बोलत नाही. तो चांगला आहे की नाही? मोनो असताना त्याची गरज काय?

फोरट्रॅक
गरज 'टॅक्समन'मुळे कळते. चार पट्ट्यांची टेप. त्यातल्या एकाच पट्टीवर गिटार, बास आणि ड्रम एकत्र ध्वनिमुद्रित केलेले. जुन्या स्टिरिओत ते तिन्ही डावीकडे कोंबलेत, कारण त्यांना वेगळं करायचा मार्गच नव्हता. 'एलिनॉर रिग्बी'त कडव्यांमधला आवाज उजव्या कानाला चिकटलेला, आणि पहिल्या कडव्याच्या सुरुवातीला दुहेरी आवाज बंद करायला उशीर झालाय तो स्पष्ट ऐकू येतो. हेडफोनवर हे त्रासदायक होतं.

पीटर जॅक्सनच्या चमूने बीटल्सवरच्या 'गेट बॅक' माहितीपट-मालिकेसाठी एक यंत्रशिक्षणाची प्रणाली बनवली होती. एका पट्टीत मिसळलेली वाद्यं ती वेगळी काढते. तीच इथे वापरली. त्यामुळे 'टॅक्समन'मध्ये ड्रम मधे, बास मधे, गिटार बाजूला असं मांडता आलं.

माझं मत : 'टॅक्समन', 'एलिनॉर रिग्बी', 'शी सेड शी सेड' यांना प्रचंड फायदा. 'टुमॉरो नेव्हर नोज'ला नाही, तिथे मोनोची दाटीच हवी. आणि वेगळं काढण्याची किंमत असते. तुमच्या वायरच्या हेडफोनवर ड्रमच्या झांजांकडे लक्ष द्या. झांजेचा नाद विझताना कुठे पाणचट किंवा थरथरता लागला, तर तो प्रणालीचा ठसा आहे, हेडफोनचा दोष नाही.

तुलना करताना आवाजाची पातळी जुळवून घ्या. जो मिक्स थोडा मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो, आणि लोक त्यालाच दर्जा समजून वाद घालतात.

लीड्सकर
स्ट्रीमिंगवाल्यांची नेहमीची गफलत : ॲपल म्युझिकवर 'नवा स्टिरिओ मिक्स ऐकला, पोकळ वाटला' म्हणतात आणि ऐकलेला असतो अ‍ॅटमॉस. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात म्युझिक, त्यात डॉल्बी अ‍ॅटमॉस. 'ऑटोमॅटिक' ठेवलं तर चालणारे हेडफोन जोडल्यावर तो आपोआप अ‍ॅटमॉस लावतो. स्टिरिओ ऐकायचा असेल तर 'ऑफ' करा, आणि आधी डाउनलोड केलेली गाणी काढून पुन्हा उतरवा, नाहीतर जुनीच फाइल वाजत राहील.

लॉसलेस (काहीही न गाळलेला आवाज) हवं तर ब्लूटूथ नको, त्यावर आवाज पुन्हा आवळला जातो. ॲपलचा छोटा हेडफोन अडॅप्टर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातो. त्याच्या वर जायला वेगळा डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारं उपकरण) लागतो. पण खरं सांगायचं तर या अल्बमवर त्यावाचून काही अडत नाही. साउंड चेकही (गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) बंद ठेवा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : ऐकण्यापुरतं स्ट्रीमिंग पुरतं. डबा घ्यायचा तो पुस्तकासाठी. १०० पानांचं, कडक बांधणीचं. पॉल मॅकार्टनीचं प्रास्ताविक, अमेरिकन ड्रमवादक क्वेस्टलव्हचा लेख, बीटल्सचे अभ्यासक केव्हिन हाउलेटच्या गाणंनिहाय टिपा, आणि मुखपृष्ठ कसं घडलं यावरची ते काढणाऱ्या क्लाउस फोरमनची चित्रकथा. कुठला टेक कुठल्या दिवशीचा हे टिपांमधून कळतं, आणि ते हाताशी नसेल तर सेशन्सच्या सीडी नुसता गोंधळ वाटतात.

कॅसेट_किडा
एलपीबद्दल. मजकूर तोच : एक नवा स्टिरिओ, दोन सेशन्स, एक मोनो, शिवाय सात इंची ईपी. नवा मिक्स संगणकातच घडलेला आहे, त्यामुळे 'व्हिनाइलवर अस्सल ॲनालॉग' हा भ्रम इथे नको. मोनोची एलपीच हवी असेल तर २०१४ची मोनो छपाई शोधा. ती मूळ टेपवरून, मधे डिजिटल टप्पा न ठेवता कापलेली आहे. साध्या टर्नटेबलवर चार एलपींचे पैसे घालण्यापेक्षा तेवढ्यात चांगलं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) येईल. पिक्चर डिस्क भिंतीवर लावा, वाजवायला नको. चित्रावरच्या थरामुळे खरखर जास्त येते (सदस्यनाम बघून म्हणत नाहीये).

तरी एलपी घेतलीच, तर आल्या आल्या भोक मध्यावर आहे का बघा. वाजत असताना टोनआर्म डावी-उजवीकडे डुलत असेल तर तबकडी मध्यभागी नाही, आणि 'एलिनॉर रिग्बी'च्या लांब सुरांत स्वर हेलकावतो. ते घरी दुरुस्त होत नाही. बदलूनच घ्या.

लीड्सकर
परदेशातून मागवताना : कस्टम्सचा हिशोब वस्तूची किंमत अधिक पाठवणावळ यांवर होतो. डबा एलपीच्या आकाराचा आणि पुस्तकामुळे जड, म्हणून पाठवणावळच मोठी. कुरिअरवाले वर हाताळणीचा आकार लावतात. भारतातला विक्रेता महाग वाटला तरी हे सगळं धरून मगच तुलना करा.

खरखर
ठरलं, पाच सीडी. संगणकावर उतरवताना काही खबरदारी?

फोरट्रॅक
विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्रॅम वापरा. सिक्युअर मोड, ड्राइव्हचा ऑफसेट (वाचनातला ठरावीक फरक) अ‍ॅक्युरेटरिपच्या यादीतून भरा, 'टेस्ट अँड कॉपी' करून दोन्ही सीआरसी (पडताळणीचे आकडे) जुळतात का पाहा, फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवळणारा प्रकार), पातळी ५. वरच्या पातळीने जागा नगण्य वाचते, वेळ मात्र जातो.

खरी डोकेदुखी टॅगची (फाइलमधली गाणं-अल्बमची नावं). ऑनलाइन यादी सगळ्या सीडींना 'रिव्हॉल्व्हर' हेच नाव देते, आणि प्लेअर एकाच नावाची तीन-चार गाणी एकापाठोपाठ लावतो. प्रत्येक सीडीच्या अल्बम नावातच 'स्टिरिओ २०२२', 'सेशन्स १', 'सेशन्स २', 'मोनो' असं लिहा आणि डिस्क क्रमांक भरा. २००९च्या प्रतीलाही वर्ष जोडा. रीप्लेगेन (आवाजाची पातळी जुळवणारी नोंद) अल्बम पद्धतीने काढा, म्हणजे वर सांगितलेली पातळीची अडचण सुटते आणि गाण्यांमधला चढउतारही शाबूत राहतो.

मोनोवादी
तबकड्या पुठ्ठ्याच्या घट्ट खिशांत येतात. ओढून काढल्या की पहिल्याच दिवशी बारीक चरे. खिशाच्या दोन्ही कडा हलक्या दाबून तोंड उघडा, तबकडी कडेला धरून काढा, आणि उतरवून झाल्या की पातळ प्लास्टिकच्या आतल्या पिशव्यांत घालून ठेवा. डबा उभा ठेवा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल टाका, बुरशी आधी पुस्तकाच्या बांधणीला धरते.

खरखर
पाकीट आल्यावर आधी काय तपासू?

लीड्सकर
उघडतानाचं चित्रण करा. पाचही तबकड्या मोजा, खिशांमध्ये बोट घालून. पाचवीवर चारच ट्रॅक असल्याने ती नाही हे पुष्कळांना महिनाभर कळत नाही, आणि तोवर परतीची मुदत गेलेली असते. मग पुस्तकाची पानं उलटून कुठे चिकटलीत का पाहा, आणि तिसऱ्या सीडीचा शेवटचा ट्रॅक वाजवून बघा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे काठाजवळचा दोष शेवटच्या ट्रॅकवरच सापडतो.