‘स्टॉक कार’ म्हणजे साठ्यातली गाडी?

खडूफळा: अमेरिकेतल्या डॉज चार्जर गाडीवरचा एक लेख मराठीत करतेय. आधी शर्यतीत गाजली, मग टीव्हीवर. दोन शब्दांवर अडले आहे. ‘स्टॉक कार रेसिंग’ला आधीच्या अनुवादकाने ‘साठा-मोटार शर्यत’ लिहून ठेवलंय. हसू आलं, पण दुसरं सुचत नाही. आणि ‘चार्जर’ म्हटलं की आमच्या घरात सगळे प्लगकडे बघतात!

दहाअकराचा पाना: साठा नको हो ताई. गॅरेजमध्ये ‘गाडी स्टॉक आहे’ म्हणजे शोरूममधून निघाली तशीच, सायलेन्सरसुद्धा बदललेला नाही. आपल्याकडे ‘कंपनी फिटिंग’ म्हणतात ते. नॅस्कारच्या (अमेरिकेतली स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था) शर्यतींचं मूळ हेच होतं, की गिऱ्हाइकाला विकत मिळते तीच गाडी पळवायची. चार्जरची सगळी गंमत या एका शब्दातून पळवाट काढण्यात आहे.

गाडी आली १९६६ला. वेगात मागची बाजू उचलली जायची. १९६८चं मॉडेल दिसायला देखणं, पण पुढची जाळी आत गेलेली, मागची काच खोलगट, त्यामुळे दोन्हीकडे वारा अडकायचा. म्हणून जाळी पुढे आणली, काच सपाट बसवली. तरी भागेना, तेव्हा १९६९ला आली चार्जर डेटोना. पुढे पत्र्याची लांब निमुळती चोच, मागे २३ इंच उंच पंख. आता हिला ‘स्टॉक’ म्हणायचं कसं? नियम होता, किमान ५०० गाड्या बनवा. कंपनीने ५००च्या वर मोजून दोन-चार बनवल्या, संपला प्रश्न! म्हणजे तो पंख घेऊन कुणीतरी खरंच भाजी आणायला जात असणार.

त्याच सप्टेंबरात अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवरच्या पहिल्या शर्यतीत टायर टिकणार नाहीत म्हणून बरेच मोठे ड्रायव्हर निघून गेले, आणि रिचर्ड ब्रिकहाउस डेटोना घेऊन जिंकला. मार्च १९७०मध्ये बडी बेकरने तिथेच ताशी २०० मैलांचा (सुमारे ३२२ किमी) टप्पा ओलांडला. नॅस्कारच्या इतिहासात हे पहिल्यांदाच. १९७१ला पंखवाल्या गाड्यांच्या इंजिनावर मर्यादा घातली आणि खेळ आटोपला.

ओसरी: टीव्हीवरची तर अजिबात स्टॉक नव्हती. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ (१९७९ ते ८५) मधली केशरी चार्जर, दारावर ०१. शर्यतीच्या गाडीसारखी दारं वेल्ड केलेली, म्हणून नायक खिडकीतून आत उड्या मारतात. नाल्यावरून गाडी उडवायची तर इंजिनाच्या वजनाने नाक खाली जायचं, म्हणून डिकीत वजन भरत. पडली की गाडी भंगारात. अशा सुमारे ३०० खपल्या म्हणतात.

तिच्या ‘जनरल ली’ या नावावर मात्र तळटीप हवीच. ली म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती, आणि टपावर त्याच पक्षाचं निशाण. २०१५मध्ये वाहिनीने पुनःप्रक्षेपण थांबवलं ते त्या निशाणावरच्या वादातच. नुसतं ‘रंगीत झेंडा’ लिहून सुटू नका.

जुनी पोथी: ‘चार्जर’ म्हणजे लढाईत चाल करून जाणारा घोडा. पण मूळ लॅटिन ‘कारुस’, म्हणजे गाडा! त्यावरून गाड्यात माल भरणे, मग बंदुकीत दारू भरणे, तुटून पडणे, बॅटरी भरणे. ‘कार’सुद्धा तिथलीच. मराठीतही बघा, विद्युतभार आणि पदभार, दोन्हीकडे ‘चार्ज’ला ‘भार’च. फक्त तुटून पडायला आपण भार घेतला नाही, लाठीचार्ज तसाच ठेवला.

खडूफळा: सगळ्यांचे आभार. ‘कंपनी फिटिंगच्या गाड्यांची शर्यत’ असं लिहून पाठवलं होतं. संपादकांनी खोडून परत ‘स्टॉक कार’ केलंय. घोडा मात्र राहिला.