अननसाचा रस घातलेल्या पेयाला माय ताय म्हणावे का?

सुहास
हल्ली माय ताय हे रमचे कॉकटेल मागवले की अननसाचा रस, ग्रेनेडाइन हा लालभडक डाळिंबाचा पाक आणि कागदी छत्री समोर येते. अशा पेयाला हे नाव लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रेस्टॉरंटचालक व्हिक्टर बर्जरॉन ऊर्फ ‘ट्रेडर व्हिक’ यांनी स्वतः सांगितल्यानुसार, १९४४ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये त्यांनी हे पेय बनवले ते १७ वर्षे मुरलेल्या जमैकन रमची चव खुलावी म्हणून. प्रमाण साधे आहे: ६० मिली रम, ऑरेंज क्युरासाओ हे संत्र्याच्या सालीचे लिकर आणि ऑर्जा हा बदामाचा पाक प्रत्येकी १५ मिली, खडीसाखरेचा पाक सुमारे ७ मिली आणि एका लिंबाचा रस. हे सारे बर्फाच्या चुऱ्यासह हलवून ग्लासात ओतायचे, पिळलेल्या लिंबाची साल त्यातच टाकायची आणि वर पुदिन्याची डहाळी खोचायची. अननसाला यात जागाच नाही.

मीनल
सुहासराव, ती रम संपल्यावर व्हिक यांनीच जमैका आणि मार्टिनिक येथील रमचे मिश्रण वापरायला सुरुवात केली, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळले आहे. शिवाय १९५३ साली मॅटसन जहाज कंपनीच्या होनोलुलूतील हॉटेलांसाठी त्यांनीच हे पेय हवाईत नेले, आणि पुढे तिथे त्यात अननस शिरला. पर्यटकांनी जगभर नेले ते हेच रूप. ज्या रूपाने पेय लोकप्रिय झाले, त्यालाच नाव नाकारणे हा निव्वळ सोवळेपणा आहे.

सुहास
एक रम संपली म्हणून तिच्या चवीच्या जवळ जाणारी दुसरी शोधणे वेगळे आणि रमची चवच झाकून टाकणे वेगळे. पहिल्यात पेयाचा हेतू टिकतो. हवाईतील पेय चांगले असेल, तर त्याने स्वतःच्या नावाने मिरवावे.

दर्यावर्दी
तुम्ही दोघेही व्हिक यांनाच जनक मानून चालला आहात. हॉलीवूडमधील बारमालक डॉन बीच यांच्या बाजूचे लोक म्हणतात की, माय तायची चव डॉन यांच्या आधीच्या ‘क्यू. बी. कूलर’ या रमच्या पेयावरून घेतलेली आहे. त्यात मध, आले, संत्र्याचा रस, सोडा आणि फलेर्नम हा मसालेदार पाक होता. डॉनच्या बारवरून आपण प्रेरणा घेतली, हे व्हिक नाकारत नसत.

सुहास
प्रेरणा मान्य, पण त्या यादीत ना ऑर्जा आहे ना क्युरासाओ. चव जुळते एवढ्यावरून कृती उचलली असे ठरत नाही. तसे ठरवायचे तर रम, लिंबू आणि साखर यांचे प्रत्येक पेय क्यूबाच्या डाकिरीच्या खाती जमा करावे लागेल.

मीनल
कोणाच्याही खाती जमा होवो, घरी करणाऱ्यांची खरी अडचण ऑर्जाची आहे. दुकानातले बदामाचे सरबत केशर-वेलचीचे असते आणि ते या पेयाची पुरती वाट लावते. त्यापेक्षा भिजवून सोललेले बदाम पाण्यात वाटावेत, फडक्यातून घट्ट पिळावेत, त्या दुधात साखर विरघळवून संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे दोन-तीन थेंब घालावेत. एवढी खटपट करणाऱ्याने नंतर त्यात चमचाभर अननसाचा रस घातला, तर मी त्याला अडवणार नाही.

सुहास
मी अडवेन. निदान तो ऑर्जा वाया जाऊ नये म्हणून तरी.