५१ टक्क्यांची अट आणि सहीपुरत्या संचालिका

सहकारी बँकांबद्दल ‘संचालक मंडळावर सीए आणि वकील बसवा, बँक बुडत नाही’ असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटतं. बँकिंग नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर नागरी सहकारी बँकांनाही निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के संचालक जाणकार हवेत. पण जाणकारीच्या त्या यादीत शेती, सहकार आणि लघुउद्योगही येतात. त्यामुळे साखर कारखान्यातले पुढारी आरामात ‘तज्ज्ञ’ ठरतात! बुडालेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत तर अध्यक्ष आधी एचडीआयएल या बांधकाम कंपनीच्याच मंडळावर होते आणि बँकेचं ७० टक्क्यांहून जास्त कर्ज त्याच समूहाकडे अडकलं. तिथे पदवी काय कामाची? हितसंबंध तपासायला हवे होते.

राहिला मंडळावर महिलांसाठी राखीव असलेल्या दोन जागांचा मुद्दा. मी ज्या बँकेत नोकरीला होतो तिथे सभेचं इतिवृत्त शिपाई संचालिकाबाईंच्या घरी घेऊन जायचा, सही झाली की कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) पूर्ण. पुढे एक निवृत्त शिक्षिका निवडून आल्या, त्या मात्र प्रत्येक फाइलमधला मूल्यांकन अहवाल उघडून ‘जामीनदार कोण, कर्जदाराचा कोण लागतो?’ विचारायच्या. सभा लांबायची, बाकीचे वैतागायचे. पण नातलगांची कर्जं मंजुरीला यायची कमी झाली, हे वसुली खात्यात बसून मी पाहिलंय.